नदीकाठची जागा, निळी रेषा आणि आपलं घर

आजचा विषय ऐकून निम्मे लोक पुढे ढकलणार, मला माहितीय. नगरपरिषद, ठराव, पूररेषा, असले शब्द येणार आहेत. पण तुम्ही पंचविशी-तिशीत असाल, घरात फ्लॅटच्या गोष्टी सुरू झाल्या असतील आणि मोबाईलवर दिवसाआड 'रिव्हर व्ह्यू टू बीएचके'ची जाहिरात येत असेल, तर थांबा. होम लोन वीस वर्षं चालतं, हा भाग वीस मिनिटांचा आहे.

आत्ताच हा विषय का, तर डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या आणि जानेवारी २०२६ मध्ये महापालिकांच्या. जवळपास चार वर्षांनी सभागृहात निवडून आलेली माणसं बसायला लागली. मधल्या काळात सगळीकडे प्रशासक होते. आता सभा भरणार, विषयपत्रिका निघणार. आणि कुठल्याही गावात सभागृह सुरू झालं की एक विषय आज ना उद्या येतोच: नदीकाठी, ओढ्याकाठी, कॅनॉलकाठी पालिकेची जागा पडून आहे, तिथं घरं बांधायची का? बांधायची तर कुणासाठी?

मी मूळची बारामतीची. आजोळ इंदापूर तालुक्यातलं. बीटेक झाल्यापासून पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. ऑफिस खराडीला, खिडकीतून मुळा-मुठा दिसते. पावसाळ्यात फोटो काढण्यासारखी दिसते, एप्रिलमध्ये खिडकी उघडवत नाही.

बारामतीला पाणी दोन ठिकाणी आहे. एक कऱ्हा. पुरंदरच्या डोंगरात उगम, मग सासवड, जेजुरीजवळ नाझरे धरण, तिथून बारामती आणि पुढे सोनगावला नीरेला मिळते. दुसरा नीरा डावा कालवा, १८८५ पासून वाहतोय. गंमत अशी की नदी कोरडी आणि कॅनॉल भरलेला. लहानपणी आम्हाला कुणी विचारलं असतं की पाणी कुठंय, तर आम्ही कॅनॉलकडे बोट दाखवलं असतं. कऱ्हा म्हणजे क्रिकेट खेळायची, म्हशी बसायची, वाळू उपसायची जागा. मोरोपंत याच नदीच्या काठी राहिले, बाबूजी नाइकांचा वाडा आजही काठावर उभा आहे, हे शाळेत सांगितलं जायचं. पण नदी आमच्या डोक्यात पाण्याची जागा नव्हतीच. ती मोकळी जागा होती. आणि मोकळी जागा दिसली की माणसाला घर सुचतं. यात चूक कुणाची म्हणायची?

आधी मालकीचं बघू, कारण 'पालिकेची जागा' हा शब्द आपण फार सैल वापरतो. नदीचं पात्र पालिकेचं नसतं. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम २०: नद्या, ओढे, त्यांची पात्रं, ही राज्य सरकारची. काठावर आलं की मात्र गोधडी. एक तुकडा पालिकेचा, एक गावठाण, एक पाटबंधारे खात्याचा, एक कुणाच्या तरी पणजोबांच्या नावचा, ज्याला आता अठ्ठावीस वारस आहेत. म्हणून काठावर घरकुल योजना येतेय असं ऐकलं की पहिला प्रश्न, गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर काय? सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड ऑनलाइन बघता येतं. पाच मिनिटांचं काम आहे. जो माणूस हॉटेलचे दोनशे रिव्ह्यू वाचून मिसळ खायला जातो, त्याला हे जड नाही.

जागा खरंच पालिकेची असली, तरी तिला ती मनाला येईल तशी देता येत नाही. महापालिकांसाठी १९४९ चा अधिनियम आहे, त्याचं कलम ७९ सांगतं की मालमत्ता विकायची किंवा भाडेपट्ट्याने द्यायची तर मोबदला चालू बाजारभावापेक्षा कमी नको. नगरपरिषदांसाठी १९६५ चा वेगळा अधिनियम, तिथं कलम ९२. साधा ठराव पुरत नाही, विशेष बहुमत लागतं, वर राज्य सरकारची मंजुरी लागते. आणि विकास आराखड्यात त्या जागेवर बाग किंवा हरितपट्टा दाखवला असेल, तर आधी ते आरक्षण बदलावं लागतं. एमआरटीपी कायद्याचं कलम ३७: नोटीस काढायची, राजपत्रात छापायची, एक महिना हरकती-सूचना घ्यायच्या, सुनावणी घ्यायची, मग सरकारकडे पाठवायचं. हा एक महिना लक्षात ठेवा. त्याच्याकडे नंतर येते.

आता रेषा. हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण इथं गणित आहे.

नदीच्या दोन्ही काठांना नकाशावर दोन रेषा असतात. निळी आणि लाल. पंचवीस वर्षांतून एकदा येईल असा पूर जिथवर पोचतो ती निळी. शंभर वर्षांतून एकदा येईल असा पूर जिथवर पोचतो ती लाल. ऐकायला किती निवांत वाटतं! पंचवीस वर्षांतून एकदा म्हणजे आपण आत्ता घर घेतलं तर पूर पोरांच्या लग्नात येईल.

तसं नसतं ते. पंचवीस वर्षांतून एकदा याचा अर्थ दर वर्षी चार टक्के शक्यता. यंदा येऊन गेला तरी पुढच्या वर्षी पुन्हा चार टक्के. नदी हजेरीपट ठेवत नाही. आता वीस वर्षांचं होम लोन घ्या. एकाही वर्षी पूर न येण्याची शक्यता म्हणजे ०.९६ चा विसावा घात. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा, ०.४४ येतं. म्हणजे हप्ते फिटायच्या आत एकदा तरी पाणी घरात येण्याची शक्यता ५६ टक्के. नाणं उडवण्यापेक्षा वाईट. आणि लाल रेषेवर? दर वर्षी एक टक्का, वीस वर्षांत १८ टक्के. सहातला एक डाव तुमच्यावर. आणि हे सगळं पाऊस पूर्वीसारखाच पडतोय असं धरून. मे २०२५ आठवतोय ना? ऐन उन्हाळ्यात बारामती-इंदापूर-दौंडकडे एवढा पाऊस झाला की पिंपळी-लिमटेकजवळ नीरा डावा कालवा फुटला. मे महिन्यात!

मग कायदा काय म्हणतो? राज्यातल्या बहुतेक शहरांना डिसेंबर २०२० पासून एकच बांधकाम नियमावली लागू आहे, यूडीसीपीआर. तिच्यात पूररेषेचं कलम छोटंसं आहे. मी ते चार-पाच वेळा वाचलं, कारण त्यातली खरी गंमत 'परंतु'च्या पुढे आहे. सरकारी कागद वाचताना 'परंतु' दिसला की खुर्ची पुढे ओढायची, ही माझी सवय.

मूळ नियम असा. नदीकाठ ते निळी रेषा, बांधकाम बंद. पार्किंग, बाग, लॉन, उघडी भाजी मंडई, स्मशानभूमी, सांडपाणी प्रकल्प, असल्या गोष्टी चालतील. निळी ते लाल, बांधकाम चालेल, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंचीवर. म्हणजे दीड फूट. आता 'परंतु' ऐका. निळ्या रेषेच्या आत आधीपासून अधिकृत इमारत असेल, तर तिचा पुनर्विकास करता येतो, लाल रेषेच्या दीड फूट वर आणि पाटबंधारे खात्याच्या ना-हरकतीने. आणि तिसरी गोष्ट, प्लॉटचा काही भाग पूररेषेत असेल, तर त्या भागाचा एफएसआय उरलेल्या भागावर वापरता येतो. म्हणून नदीकाठी उंच टॉवर दिसतात. पाण्याच्या वाट्याचे मजले बाजूच्या इमारतीच्या डोक्यावर चढवलेले असतात.

यातलं ते दीड फुटाचं प्रकरण मला इंजिनिअर म्हणून खटकतं. इमारत उंचावर गेली, मान्य. खाली पार्किंगचे खांब आले, मान्य. पण रस्ता कुठंय? रस्ता जुन्याच पातळीला. पूर आला की तुमचा तिसरा मजला कोरडा, आणि तुम्ही बेटावर. लिफ्ट बंद, पंप बंद, मीटरबॉक्स पाण्यात. घरात डायलिसिसचा पेशंट असेल, आठवा महिना लागलेली बहीण असेल, तर कोरड्या तिसऱ्या मजल्याचं काय करायचं? नियम इमारतीचा विचार करतो, माणसाचं जाणं-येणं त्यात नाही.

रेषा ओलांडल्यावर काय होतं, त्याची दोन ताजी उदाहरणं पुण्याजवळच आहेत. २५ जुलै २०२४. सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी पाण्यात गेली. खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं होतं. आता मुठेची निळी रेषा किती पाण्यासाठी आखलीय? ६० हजार क्युसेक. लाल एक लाख. म्हणजे निळ्या रेषेच्या हिशोबातलं पाऊण पाणीही आलेलं नसताना लोक गळ्याइतक्या पाण्यातून बाहेर पडत होते. दुसरं चिखलीचं. इंद्रायणीच्या निळ्या रेषेच्या आत ३६ बंगले उभे राहिले होते. प्रकरण हरित लवादात गेलं, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि १७ मे २०२५ ला पिंपरी-चिंचवड महापालिकेने ते पाडले. लोकांनी आयुष्याची कमाई घातली होती. त्यांना प्लॉट विकणारा त्या दिवशी जेसीबीसमोर उभा नव्हता, हे वेगळं सांगायला नको.

आणि आमची कऱ्हा? २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र. त्याच ढगांनी तिकडे कात्रजच्या डोंगरावर कोसळून आंबिल ओढ्याला पूर आणला, सहकारनगर-अरण्येश्वर भागात माणसं वाहून गेली, आणि इकडे पुरंदरमध्ये कऱ्हा भरली. नाझरे धरणातून ८५ हजार क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं. क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. गुणाकार केला तर सेकंदाला चोवीस लाख लिटर. आपल्या भाषेत सांगते: दहा हजार लिटरचे २४० टँकर, दर सेकंदाला. ज्या तालुक्याच्या जिरायती पट्ट्यातल्या बाया एका टँकरसाठी हंड्यांची रांग लावून दुपार काढतात, त्या तालुक्यातून हे पाणी एका रात्रीत गेलं. बारामतीत काठच्या वस्त्यांमधून हजारो लोकांना हलवलं. ज्या नदीत आम्ही स्टंप रोवायचो, ती नदी जागेवर परत आली.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, सोपं आहे, नदीकाठी घरं नकोत, विषय संपला. मलाही तसंच म्हणायचं होतं. पण माझी मावशी आहे.

मावशी कऱ्हेकाठच्या एका वस्तीत राहते. पत्र्याचं घर, पुढे शिलाई मशीन, जागा सरकारी. २०१९ ला तिने दोन रात्री शाळेच्या वर्गात काढल्या, मशीन चिखलातून काढून रॉकेलने पुसलं. गेल्या दिवाळीत मी तिला हे सगळं ०.९६ चं गणित वहीवर करून दाखवलं. तिने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "पूर कधीतरी येतो गं. भाडं दर महिन्याला येतं."

मी म्हणाले, मावशी, पण जीवाचं काय?

"जीवाचंच सांगते. इथून मंडई चालत, दवाखाना चालत, गिऱ्हाईक चालत येतं. तू मला गावाबाहेर चौथ्या मजल्यावर नेऊन बसव. तिथं ब्लाऊज शिवायला कोण येणारे? रिक्षाला रोज ऐंशी रुपये कुठून आणू? तू दहाव्या मजल्यावर राहतेस आणि मला नदी सांगतेस." मग जरा थांबून, "पक्कं घर कुणाला नकोय? इथंच द्या म्हणावं."

या 'इथंच द्या'मध्ये बरंच काही आहे. गरीब माणूस नदीकाठी हौसेने गेलेला नसतो. गावात त्याला परवडेल अशी तेवढीच जागा शिल्लक होती, कारण ती बाकी कुणालाच नको होती. आता नदीकाठ सुधारायचा ठरला, घाट आले, दिवे आले, जॉगिंग ट्रॅक आला, की तीच जागा सगळ्यांना हवी होते. आणि मग पूररेषा एकाएकी आठवते. कुणासाठी आठवते, ते बघायचं.

आंबिल ओढ्याचंच घ्या. २०१९ च्या पुरानंतर ओढा सरळ करायचं, पात्र मोकळं करायचं ठरलं. २४ जून २०२१, कोरोनाचा काळ, पावसाळा, आणि दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत पालिकेचे जेसीबी पोचले. पालिका म्हणत होती, पुराचा धोका आहे म्हणून. लोक म्हणत होते, हे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतल्या इमारतींसाठी आहे. पोलीस, रडारड, अंगावर रॉकेल ओतून घ्यायची धमकी, आणि त्याच दिवशी न्यायालयाची स्थगिती. दोन्ही बाजूंत थोडं थोडं खरं असेल. पण माणसाला आपलं घर का पाडतायत हे जेसीबीच्या आवाजात कळावं, याला मी चर्चा म्हणणार नाही.

अहमदाबादचं साबरमतीचं मॉडेल आपल्याकडे सगळे दाखवतात. १९९७ मध्ये तिथल्या महापालिकेने त्यासाठी वेगळी कंपनी काढली. दोन्ही काठांना भिंती घातल्या, पात्र एकसारखं केलं आणि नदीकडून २०० हेक्टरहून जास्त जमीन मिळवली. बहुतेक रस्ते-बागांना, काही भाग विक्रीला, त्यातून खर्च भरून काढायचा. दिसायला देखणं आहे, मी पाहिलंय. पण तिथलं पाणी नर्मदेचं आहे, कालव्यातून आणलेलं. आणि काठावरची दहा हजारांहून जास्त कुटुंबं हलली, त्यातली बरीचशी शहराच्या कडेला गेली. लोकांना न्यायालयात जावं लागलं तेव्हा पुनर्वसनाचा हिशोब मांडला गेला.

पुण्याने तेच मॉडेल घेतलं, आराखडाही अहमदाबादच्या सल्लागारांचा. मुळा, मुठा, मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटर, खर्च ४,७०० कोटींच्या वर. पालिकेचं म्हणणं, अडथळे काढल्यामुळे पूरपातळी खाली येईल. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं, काठावर भराव टाकून पात्र अरुंद होतंय. तांत्रिक वाद आहे, आणि मला त्यात विरोधकांचं जास्त पटतं. पाइप बारीक केला की पाण्याला वर चढावंच लागतं. पण त्याहून मला दोन तारखा महत्त्वाच्या वाटतात. भूमिपूजन ६ मार्च २०२२ ला झालं. पुणे महापालिकेची मुदत संपली १४ मार्च २०२२ ला. आठ दिवस! त्यानंतर जवळपास चार वर्षं काम चालू राहिलं आणि सभागृहच नव्हतं. नगरसेवक चांगले की वाईट हा मुद्दा नाही. पण नगरसेवकाच्या घरी रात्री साडेनऊला जाऊन "साहेब, हे काय चाललंय" असं विचारता तरी येतं. प्रशासकाच्या घरी कोण जाणार?

आणि सांडपाण्याचं काम, ते वेगळंच. जपानच्या कर्जातून ११ मैलाशुद्धीकरण केंद्रं उभारायची योजना आधीची, २०१६ च्या सुमाराची. घरात पाहुणे येणार म्हणून पडदे बदलावेत आणि तुंबलेलं मोरीचं भोक तसंच ठेवावं, तसं झालं.

बरं, पूर आला म्हणून लोकांना हलवून नीट वसवणं जमतच नाही असंही नाही. १२ जुलै १९६१, पानशेत फुटलं. काठच्या पेठा वाहून गेल्या, हजारो घरं गेली. तेव्हा पुण्याने काय केलं? गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर. आज ज्या भागात फ्लॅट घ्यायचा म्हणजे डोळे पांढरे होतात, ते भाग पूरग्रस्तांच्या वसाहतींमधून वाढले. सुरुवातीला अर्धगोल पत्र्याच्या निसेन हट होत्या, गावापासून लांब वाटायच्या. जागांच्या मालकी हक्काचा घोळ पुढे कित्येक दशकं चालला, ते बाजूला ठेवू. पण सरकारी जमीन उंचावर होती, आणि ती माणसांना दिली. आणि मग रिकाम्या झालेल्या नदीकाठाचं काय केलं? हळूहळू पुन्हा भरला. काही ठिकाणी तर पात्रातूनच रस्ता काढला.

आजोळचा एक संदर्भ इथं सांगते, मग कामाचं बोलू. इंदापूर तालुक्यातल्या कित्येक गावांना हे सगळं उलट्या दिशेने माहितीय. १९८० ला उजनी पूर्ण झालं, भीमेचं पाणी मागे आलं आणि काठची गावं उठली. उन्हाळ्यात धरण आटलं की पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं, लोक होडीने बघायला जातात. माझी आजी त्या बाजूची. पाणी ओसरलं की उघडी पडणारी गाळपेर जमीन एक हंगाम कसायला मिळते, तीवर कलिंगडं, काकड्या निघतात. पाटबंधारे खात्याची जमीन, माणसाचं पीक, आणि जूनला पाणी परत आलं की सगळे मुकाट मागे सरकतात. त्या जमिनीवर कुणी घर बांधत नाही. आजीला निळी-लाल रेषा माहीत नव्हती, पण कुठवर कलिंगड लावायचं आणि कुठून पुढे भिंत घालायची, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आता बारामतीसारख्या गावात असा विषय आला तर काय करायचं? माझं मत सांगते, पटलं नाही तर भांडा. निळ्या रेषेच्या आत नवी घरं नकोत. सरकारी योजनेतली तर मुळीच नकोत, कारण पालिकेनेच गरिबाला ५६ टक्क्यांच्या पैजेवर बसवायचं आणि वर किल्लीवाटपाचा कार्यक्रम करायचा, हे बरोबर नाही. काठाची जागा विकायचीही नाही, ती बागेला, मैदानाला, आठवडे बाजाराला ठेवा. पूर आला तर बाजार एक आठवडा बुडेल, संसार बुडणार नाही. पण त्याच ठरावात, त्याच बैठकीत, मावशीसारख्यांसाठी दुसरी जागा नकाशावर दाखवली पाहिजे. 'यथावकाश पुनर्वसन करण्यात येईल' हे वाक्य चालणार नाही. सर्व्हे नंबरसकट दाखवा. मंडईपासून किती लांब, ते लिहा. बारामतीची हद्द २०१२ मध्ये वाढली, जळोची, रुई, तांदुळवाडी आत आली. सरकारी जागांची यादी काढली तर पर्याय बघता येतील. हे मावशीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आधी जागा दाखव, मग बोलू." माझंही तेच म्हणणं आहे.

आणि ही जागा दाखवायला लावायची ताकद त्या एका महिन्यात असते. कलम ३७ ची नोटीस येते, पेपरात आतल्या पानावर, बारीक टाइपात, निविदा आणि हरवले-सापडलेच्या मध्ये. आपण पेपर घेत नाही, म्हणून आपल्याला कळत नाही. पण हरकत लेखी दिली की ती नोंदवावी लागते आणि सुनावणीला बोलवावं लागतं. संख्येचा परिणाम होतो. पुण्याच्या विकास आराखड्यावर २०१३ मध्ये ८७ हजारांच्या आसपास हरकती आल्या होत्या. शेवटी २०१५ मध्ये राज्य सरकारने आराखडा स्वतःकडे घेतला, समिती नेमली, आणि मंजुरी यायला २०१७ उजाडलं. त्यातून सगळं चांगलंच झालं असं मी म्हणत नाही, बिल्डरांच्याही हरकती असतातच. पण कागदावर तुमचं नाव आणि आवक क्रमांक असला की पुढे न्यायालयात उभं राहायला पाय असतो.

हरकत लिहिताना नदी माता, निसर्ग, संस्कृती यावर दोन पानं घालवू नका. सर्व्हे नंबर लिहा. त्यावर निळी-लाल रेषा कुठून जाते, पाटबंधारे खात्याचा नकाशा कोणत्या वर्षीचा आहे, २०१९ च्या पुराची पातळी त्या नकाशात धरलीय का, ते विचारा. लाल रेषेच्या वर दीड फूट इमारत बांधणार असाल तर तिथवर जाणारा रस्ता किती उंचीवर आहे, ते विचारा. सध्या तिथं किती कुटुंबं आहेत, यादी कुणी केली, ती वस्तीत लावली का, ते विचारा. अभियंत्याला उत्तर द्यावं लागतं असे प्रश्न हवेत.

विषयपत्रिका आणि मागच्या सभांची इतिवृत्तं संकेतस्थळावर नसतील तर माहिती अधिकारात मागा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक कागद, तीस दिवस. सभेच्या शेवटी 'ऐनवेळचे विषय' म्हणून एक भाग असतो. तो आधी वाचा. मोठ्या जमिनींचे लहान ठराव बऱ्याचदा तिथं सापडतात.

आणि फ्लॅट घेणाऱ्यांनो, तुम्हाला वेगळं. बिल्डरच्या ब्रोशरमध्ये नदी निळी असते, रेषा नसते. बांधकाम परवानगीचा मंजूर नकाशा मागा, त्यावर पूररेषा आखलेली असते का बघा. मग पावसाळ्यात, जोराचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी साइटवर जा. सेल्स ऑफिसमध्ये नका जाऊ, शेजारच्या चहाच्या टपरीवर जा आणि विचारा, २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं? तो हात करून दाखवेल. भिंतीवर खूणही असते बऱ्याचदा.

हरकतीच्या अर्जाचा एक नमुना मी मराठीत करून ठेवलाय, सर्व्हे नंबर आणि गावाचं नाव तेवढं बदलायचं. ज्यांना हवा त्यांनी मेसेज करा, पाठवते. पुढच्या भागात कॅनॉलकाठची अतिक्रमणं आणि पाटबंधारे खातं. तोवर मावशीच्या वस्तीचा सिटी सर्व्हे नंबर शोधून ठेवते, तिनेच सांगितलंय.